पी. आर. पिशारोटी

पिशारोथ राम पिशारोटी (जन्म : कोल्लेंगोड, केरळ, १० फेब्रुवारी १९०९; मृत्यू : पुणे, २४ सप्टेंबर २००२) हे भारतीय हवामानशास्त्रज्ञ होते. पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. हीच संस्था आज भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. भारतातील दूरसंवेदन शास्त्राचे जनक असाही त्यांचा उल्लेख केला जातो.

सर्वसामान्य वाचकाला त्यांची ओळख बहुधा उपग्रह आणि हवाई छायाचित्रण यांच्या संदर्भात असते. हवामानशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव एका वेगळ्याच प्रश्नाशी जोडलेले आहे. सह्याद्रीवर दरवर्षी कोसळणारे पाणी मुळात येते कोठून? ते आपल्या अरबी समुद्राचे, की विषुववृत्तापलीकडच्या दक्षिण हिंदी महासागराचे? पिशारोटींनी या प्रश्नाचे आकडेवारीने उत्तर दिले. ते उत्तर पुढे दुरुस्त झाले, आणि दुरुस्त करणाऱ्यांत त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेतील संशोधक आघाडीवर होते. तरीही समुद्राच्या पृष्ठभागाकडे आणि त्याखालील प्रवाहांकडे मोसमी पावसाच्या अभ्यासकांचे लक्ष वळवणाऱ्यांत त्यांचे स्थान पहिल्या फळीत आहे.

जन्म आणि शिक्षण

कोल्लेंगोड हे गाव पालघाट जिल्ह्यात आहे. सह्याद्रीची अखंड भिंत जेथे एकदम तुटते आणि मोसमी वारे विनाअडथळा तमिळनाडूत शिरतात, त्या पालघाट खिंडीच्या परिसरातले हे गाव. भावी हवामानशास्त्रज्ञाला याहून योग्य जन्मभूमी मिळणे कठीण होते. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात झाले आणि मद्रास विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली.

१९३२ ते १९४१ या काळात ते महाविद्यालयात अध्यापक होते. सुटीच्या दिवसांत ते बंगळूरला जाऊन चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत. हिऱ्याची स्थितिस्थापकता हा त्यांच्या त्या काळच्या अभ्यासाचा विषय होता आणि त्यावरील त्यांचा निबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. हिऱ्यापासून ढगांपर्यंतचा हा प्रवास वाचकाला विचित्र वाटेल, पण मोजमापातील काटेकोरपणा हा दोन्हींतला समान धागा होता.

हवामान खात्यातील वर्षे

१९४२ मध्ये पिशारोटी भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. त्या वेळी खात्याचे मुख्यालय पुण्यात होते. १९२८ मध्ये ते सिमल्याहून येथे हलवण्यात आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. महायुद्धाचे दिवस होते आणि विमानांसाठी हवामानाचे अंदाज पुरवणे हे खात्याचे मुख्य काम होऊन बसले होते. वरच्या थरांतील हवेच्या निरीक्षणांना त्यामुळे महत्त्व आले.

पुढे ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत गेले. तेथे जेकब ब्यर्कनेस यांच्याभोवती जगभरातील अभ्यासक जमले होते. वातावरणातील गतिज ऊर्जा या विषयावरील पिशारोटींचे काम १९५४ मध्ये पूर्ण झाले. ब्यर्कनेस यांनी काही वर्षांनी प्रशांत महासागराचे तापमान आणि वातावरणातील दाबाचे हेलकावे यांचा संबंध जोडून दाखवला. दाबाचे हे हेलकावे प्रथम ओळखले ते गिल्बर्ट वॉकर यांनी, भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना.

परतल्यानंतरच्या काळातील दोन निबंध महत्त्वाचे ठरले. बी. एन. देसाई यांच्यासमवेत १९५६ मध्ये लिहिलेला निबंध पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे उत्तर भारतात हिवाळी पाऊस आणणाऱ्या प्रणालींवर होता. जी. सी. असनानी यांच्यासमवेत १९५७ मध्ये लिहिलेल्या निबंधात बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राभोवती पाऊस कसा विखुरलेला असतो, हे दाखवले होते. सर्वांत जोरदार पाऊस अशा क्षेत्राच्या केंद्रात न पडता त्याच्या नैर्ऋत्य बाजूस पडतो, हा त्यातील निष्कर्ष पूर्वानुमान करणाऱ्यांच्या रोजच्या वापराचा झाला.

१९५९ मध्ये पिशारोटी कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांचे संचालक झाले. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, आणि त्यामुळे चुंबकीय मोजणीत व्यत्यय येणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला स्वतंत्र चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली होती. दोन्ही ठिकाणे अरबी समुद्राच्या अगदी काठावर आहेत.

पुण्यातील संस्था

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुढच्या वर्षी १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतरच्या वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीच्या माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६२ रोजी, पुण्यात उष्णदेशीय हवामान संस्थेची स्थापना झाली आणि पिशारोटी तिचे पहिले संचालक झाले. या घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. परंतु पाण्यावर उभ्या राहणाऱ्या एका नव्या शहराला आणि ते पाणी आणणाऱ्या पावसाच्या अभ्यासाला एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी प्रारंभ व्हावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

संस्थेचे काम रामदुर्ग हाऊसमध्ये सुरू झाले. हवामानशास्त्राची तोवरची पाठ्यपुस्तके प्रामुख्याने युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनुभवावर आधारलेली होती. तेथील हवामान थंड आणि उष्ण हवेच्या संघर्षातून घडते. उष्ण कटिबंधात तापमानातील फरक थोडे असतात आणि सारा खेळ पाण्याच्या वाफेचा व तिच्यात साठलेल्या उष्णतेचा असतो. त्यामुळे येथे वेगळ्या दृष्टीची गरज होती. संस्था आरंभी हवामान खात्याचा भाग होती. १ एप्रिल १९७१ रोजी ती स्वायत्त झाली आणि कालांतराने पाषाण येथे स्थिरावली.

हिंदी महासागर मोहीम

पिशारोटींच्या कारकिर्दीतील निर्णायक घटना म्हणजे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. १९५९ ते १९६५ या काळात निरनिराळ्या देशांच्या सुमारे ४० जहाजांनी या महासागराचा अभ्यास केला. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज त्यांत होते. तोवर हिंदी महासागर हा जगातील सर्वांत कमी माहिती असलेला मोठा समुद्र होता. १९६३ मध्ये कुलाबा येथे मोहिमेचे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांच्याकडे त्याचे शास्त्रीय नेतृत्व होते. ऐन पावसाळ्यात मुंबईहून उडणारी अमेरिकन संशोधन विमाने अरबी समुद्रावरील हवेची आर्द्रता व तापमान मोजत. जहाजांवरून व किनाऱ्यांवरून येणाऱ्या नोंदी कुलाब्याला एकत्र होत आणि त्या हाताळण्यासाठी तेथे संगणकही बसवण्यात आला होता. जुलै १९६५ मध्ये मुंबईत भरलेल्या परिसंवादात या निरीक्षणांचे निष्कर्ष मांडले गेले. त्या परिसंवादाच्या ग्रंथाचे संपादन पिशारोटींनी केले आणि त्यातच त्यांचा स्वतःचा गाजलेला निबंध आहे.

याच मोहिमेने समुद्राच्या पोटातील एक विलक्षण नदी उजेडात आणली. आफ्रिकेच्या सोमालिया देशाच्या किनाऱ्यालगत वाहणारा हा सोमाली प्रवाह. जगातील बहुतेक मोठे सागरी प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. सोमाली प्रवाह मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि पावसाळ्यात उत्तरेकडे वाहतो, कारण त्याला ढकलणारे मोसमी वारेच दिशा बदलतात. अरबी गलबतवाले हे शतकानुशतके जाणत होते. नवीन होते ते आकडे. १९६४ च्या पावसाळ्यात केलेल्या मोजणीत या प्रवाहातून सेकंदाला सुमारे ६ कोटी घनमीटर पाणी वाहत असल्याचे आढळले. पिंपरी-चिंचवडला पाणी पुरवणारे पवना धरण सुमारे साडेआठ अब्ज घनफुटांचे आहे. या प्रवाहाच्या तोंडाशी ते ठेवले तर चार सेकंदांत भरेल. आणि हिवाळ्यात याच जागी पाणी उलट दिशेने वाहत असते.

प्रवाहाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. किनाऱ्यालगतचे वरचे पाणी वाऱ्याने दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास खोलातील थंड पाणी वर येते. भर पावसाळ्यात सोमालियाच्या काही भागांत समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २० अंशांच्याही खाली उतरते, तेव्हा मुंबईसमोरचा समुद्र मात्र बराच उबदार असतो. थंड पाण्यातून वाफ कमी निघते. म्हणजे वारा प्रवाहाला ढकलतो, प्रवाह समुद्र थंड करतो आणि थंड समुद्र वाऱ्याला मिळणारे बाष्प कमी करतो. या साखळीतील एखादी कडी एखाद्या वर्षी सैल पडली, तर तिचा परिणाम हजारो किलोमीटर दूर घाटमाथ्यावर उमटू शकतो.

बाष्पाचा हिशोब

पिशारोटींच्या निबंधाचा विषय होता अरबी समुद्रावरील बाष्पीभवन आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस. त्याची पद्धत समजण्यास अवघड नाही. अरबी समुद्र ही एक मोठी पेटी समजावी. तिच्या दक्षिणेकडील कडेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, वारा काही बाष्प घेऊन आत येतो. पूर्वेकडील कडेवरून, म्हणजे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, तो बाष्प घेऊन बाहेर पडतो. बाहेर जाणारे बाष्प आत येणाऱ्यापेक्षा अधिक असेल, तर जास्तीचे बाष्प पेटीतूनच, समुद्राच्या पृष्ठभागावरून आले असले पाहिजे. १९६३ आणि १९६४ च्या मोसमी महिन्यांतील वारे व आर्द्रता यांच्या नोंदी घेऊन त्यांनी हा जमाखर्च मांडला. किनारा ओलांडणारे बाष्प विषुववृत्त ओलांडणाऱ्या बाष्पापेक्षा कितीतरी अधिक भरले. त्यावरून पिशारोटींनी असा निष्कर्ष काढला की, मोसमी पावसाच्या पाण्याचा मोठा वाटा खुद्द अरबी समुद्रच पुरवतो.

हा दावा धाडसी होता. मोसमी वारे म्हणजे दक्षिण गोलार्धातील व्यापारी वारेच विषुववृत्त ओलांडून वळतात, ही कल्पना जुनी आणि सर्वमान्य होती. पाणीही तिकडूनच येते, असे त्यामुळे गृहीत धरले जाई. पिशारोटींनी वारा आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न केले. हवा दक्षिणेकडून आली तरी तिच्यातील पाणी वाटेत भरलेले असू शकते.

त्यांच्या मांडणीतील परिमाणे ध्यानात येण्यासाठी एक साधा हिशोब पुरेसा आहे. अरबी समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यावरून दिवसाला केवळ ४ मिलिमीटर जाडीचा थर वाफ होऊन गेला, तर ते पाणी १५ घनकिलोमीटर भरते. पवना धरणासारखी साठहून अधिक धरणे रोज रिकामी व्हावीत, इतके हे पाणी आहे. अशा स्थितीत समुद्राचा पृष्ठभाग अर्ध्या अंशाने किंवा एका अंशाने उबदार अथवा थंड असणे ही किरकोळ बाब राहत नाही.

उत्तराची दुरुस्ती

या हिशोबातील कच्चा दुवा विषुववृत्ताच्या कडेवर होता. पश्चिम हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, वरच्या हवेची मोजणी करणारी ठिकाणे फारच विरळ होती. १९६९ मध्ये जे. फिंडलेटर यांनी दाखवून दिले की, विषुववृत्त ओलांडणारा मोसमी वारा सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला घासून तो एका अरुंद, वेगवान पट्ट्यात, जमिनीपासून जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर वाहतो. प्रवाह जेथे सर्वांत जोरकस होता तेथेच निरीक्षणे कमी होती आणि आत येणारे बाष्प पिशारोटींच्या हिशोबात कमी धरले गेले होते.

१९७० मध्ये पुण्याच्या संस्थेतील के. आर. साहा यांनी पश्चिम हिंदी महासागरातील विषुववृत्तावरून होणाऱ्या हवेच्या आणि बाष्पाच्या वहनाचा नव्याने अभ्यास केला आणि ते वहन बरेच मोठे असल्याचे दाखवले. १९७३ मध्ये साहा आणि बावडेकर यांनी अरबी समुद्राच्या बाष्पाचा जमाखर्च पुन्हा तपासला. पुढे कादे आणि रेव्हर्दँ या फ्रेंच संशोधकांनी १९७५ च्या पावसाळ्यातील निरीक्षणांवरून, किनारा ओलांडणाऱ्या बाष्पापैकी सुमारे ७० टक्के दक्षिण गोलार्धातून आणि उरलेले अरबी समुद्रातून येते, असा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. पिशारोटींचे प्रमाण जवळजवळ उलटे झाले.

एवढ्यावरून त्यांचा निबंध चुकीचा म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल. सरासरीत कोणाचा वाटा किती हा एक प्रश्न, आणि एका वर्षीचा पाऊस दुसऱ्या वर्षीपेक्षा वेगळा का, हा दुसरा. शेतकऱ्याच्या आणि धरणाच्या दृष्टीने दुसराच महत्त्वाचा. त्या बाबतीत अरबी समुद्राकडे पुन्हा पुन्हा यावे लागले. पुण्याच्या संस्थेत काही वर्षे काम केलेले जगदीश शुक्ला यांनी १९७५ मध्ये संगणकीय प्रतिमानात पश्चिम अरबी समुद्र नेहमीपेक्षा थंड ठेवून पाहिला, तेव्हा भारतातील पाऊस घटला. २००८ मध्ये ताकेशी इझुमो आणि सहकाऱ्यांनी निरीक्षणे व प्रतिमाने यांच्या आधारे दाखवले की, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर खोलातील पाणी वर येण्याचे प्रमाण घटले, तर समुद्र उबदार राहतो, बाष्पीभवन वाढते आणि पश्चिम घाटावरील पाऊसही वाढतो. सागरी प्रवाहातील बदल आकाशातून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण बदलतो, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली. १९६५ मध्ये पिशारोटींनी समुद्राच्या पृष्ठभागाला हिशोबात जी जागा दिली होती, तिचे महत्त्व येथे कळते.

त्या निबंधाचे वर्षही विसरण्यासारखे नाही. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांत मोसमी पावसाने दगा दिला आणि देशाला परदेशी धान्यावर अवलंबून राहावे लागले. पावसाचे पाणी कोठून येते हा तेव्हा केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रालाही तो अनुभव दिला.

अवकाशातून निरीक्षण

१९६७ मध्ये पिशारोटी संस्थेतून निवृत्त झाले आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्राध्यापक म्हणून गेले. तेथे विक्रम साराभाई भारताच्या अवकाश कार्यक्रमाची उभारणी करीत होते. विरळ निरीक्षणांमुळे मोठ्या समुद्राचा हिशोब कसा फसतो, याचा अनुभव असलेल्या माणसाला वरून पाहण्याच्या साधनाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

१९७० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली केरळात झालेला प्रयोग भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ मानला जातो. नारळाच्या मुळांना लागणाऱ्या रोगाने तेथील बागा उद्ध्वस्त होत होत्या. निरोगी पाने अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, आजारी पाने कमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर तो उमटतो. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अशा छायाचित्रांवरून, माडावर लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच रोगट झाडे ओळखता आली. १९७२ ते १९७५ या काळात पिशारोटी भारतीय अवकाश संशोधन संस्थेत दूरसंवेदन व उपग्रह हवामानशास्त्र विभागाचे संचालक होते.

भारताचा भास्कर-१ हा उपग्रह जून १९७९ मध्ये सोडण्यात आला. समुद्रावरील बाष्प मोजणारे सूक्ष्मलहरी उपकरण त्यावर होते. मे १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-१ उपग्रहाने समुद्राचे तापमान, वारा आणि बाष्प एकाच वेळी टिपण्यास आरंभ केला. ज्या आकड्यांसाठी १९६३ साली विमाने पावसात उडवावी लागत, ते आकडे पिशारोटींच्या हयातीतच नियमितपणे मिळू लागले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हिंदी महासागर मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी जन्मली होती. तिच्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वळणाऱ्या प्रवाहाचाही सविस्तर अभ्यास झाला.

पडलेल्या पावसाचा विचार

उत्तरायुष्यात पिशारोटी पुण्यात राहिले आणि पाऊस कसा पडतो याबद्दल सामान्य वाचकांसाठीही त्यांनी लिहिले. भारतातील बहुतेक ठिकाणी वर्षभराचा पाऊस जेमतेम १०० तासांत पडून जातो, हा त्यांनी मांडलेला हिशोब पुष्कळांना ठाऊक असतो, त्याचा कर्ता मात्र फार थोड्यांना. वर्षाचे तास ८,७६० असतात. एखाद्या ठिकाणी वर्षाला जितके सेंटिमीटर पाऊस, तिथे साधारण तितकेच तास पाऊस, असे एक ढोबळ सूत्रही त्यांनी दिले. या सूत्राने पुण्याला वर्षातून सुमारे ७० तासच पाऊस मिळतो. एवढ्या थोड्या वेळात आलेले पाणी जागच्या जागी अडवले नाही, तर उरलेल्या वर्षात टंचाई अटळ आहे, आणि ते साठवण्यासाठी मोठ्या धरणांइतकीच गावोगावची तळी महत्त्वाची आहेत, असे त्यांचे मत होते. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल यांनी हा हिशोब जलसंधारणाच्या चळवळीत सर्वदूर पोहोचवला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहिले की हा हिशोब डोळ्यांपुढे उभा राहतो. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून जेमतेम ४० किलोमीटर पूर्वेला असलेल्या चिंचवडला त्याचा लहानसा अंशच मिळतो. कारखाने आणि वस्ती पर्जन्यछायेत, तर पाणी घाटमाथ्यावर. मावळात पवना धरणात अडवलेले पाणी नदीत सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यातून शहरासाठी उचलले जाते. चाकणच्या वायव्येला भामा नदीवर आसखेडचे धरण आहे. ही धरणे भरणारे ढग सोमालियाच्या किनाऱ्यावरून, उबदार किंवा थंड समुद्रावरून, वाटचाल करून आलेले असतात. धरण किती भरले याची बातमी दर जुलैत येथील वृत्तपत्रांत पहिल्या पानावर असते.

सन्मान आणि निधन

भारत सरकारने १९७० मध्ये पिशारोटींना पद्मश्री देऊन गौरवले. १९८८ मध्ये त्यांना रामन जन्मशताब्दी पदक मिळाले. तरुणपणी ज्यांच्या प्रयोगशाळेत सुटीचे दिवस घालवले, त्यांच्याच नावाचे हे पदक होते. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपला सर्वोच्च पुरस्कार त्यांना दिला. त्याआधी १९६० च्या दशकात या संघटनेच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर त्यांनी काम केले होते.

२४ सप्टेंबर २००२ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वर्षीच्या जुलैत देशभर पावसाने ओढ दिली होती आणि २००२ ची नोंद अवर्षणाचे वर्ष म्हणून झाली.